रत्नागिरी आणि गोपालगंज : स्त्रियांच्या मतदानाचा तुलनात्मक अभ्यास कसा उभा करावा?

सागरवाट

नमस्कार. मी राज्यशास्त्रात पीएच.डी. करत आहे. कोर्सवर्क पूर्ण झाले असून आता संशोधन आराखडा समितीपुढे अंतिम मंजुरीसाठी ठेवायचा आहे. ज्या भागांतून पुरुष मोठ्या संख्येने कामासाठी बाहेर जातात, तेथे मागे राहिलेल्या स्त्रियांच्या मतदानावर त्याचा काय परिणाम होतो, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी मी रत्नागिरी आणि बिहारमधील गोपालगंज हे दोन जिल्हे निवडले आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत ११२२. बिहारमध्ये ९१८ होत्या, तर गोपालगंजमध्ये १०२१. या आकड्यांमागे दोन्हीकडे पुरुषांचे स्थलांतर आहे. राज्यांच्या पातळीवर मतदानाचे चित्र मात्र वेगळे दिसते. बिहारमध्ये २०१० पासून प्रत्येक विधानसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत ती पुरुषांपेक्षा कमी राहिली.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की एकाच देशातील दोन जिल्हे घेतल्याने अभ्यास तुलनात्मक राजकारणात बसत नाही, निदान एक परदेश घ्यावा. दुसऱ्या सदस्यांनी सुचवले, की क्षेत्रकार्य सोडून द्यावे आणि जागतिक सर्वेक्षणांचा तयार डेटा वापरावा, म्हणजे प्रबंधही वेळेत होईल आणि शोधनिबंधही निघतील. दोघांचाही हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण मला दोन्ही सूचना पटत नाहीत आणि न पटण्याची कारणे नीट मांडता येत नाहीत. ज्यांनी राजकीय वर्तनाच्या क्षेत्रात काम केले आहे किंवा सध्या करत आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नदीकाठ

पहिल्या सूचनेबद्दल लिहितो. तुलनात्मक राजकीय वर्तनाचा आधुनिक अभ्यास ज्या ग्रंथापासून सुरू झाला असे मानतात, तो आल्मंड आणि व्हर्बा यांचा १९६३ चा अभ्यास पाच देशांचा होता : अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, इटली आणि मेक्सिको. प्रत्येक देशातून सुमारे हजार मुलाखती घेऊन त्या देशाची राजकीय संस्कृती कशी आहे हे सांगण्याचा तो प्रयत्न होता. तीस वर्षांनी पुटनाम यांनी इटलीच्याच प्रदेशांची आपसांत तुलना केली, तेव्हा उत्तर आणि दक्षिण इटलीत केवढे अंतर आहे हे दिसले. आधीच्या अभ्यासात ते अंतर ‘इटली’ या एका नावाखाली झाकले गेले होते. २००१ मध्ये रिचर्ड स्नायडर यांनी देशांतर्गत घटकांच्या तुलनेची पद्धत रीतसर मांडली. तेव्हापासून हा प्रश्न ज्ञानशाखेपुरता मिटलेला आहे, असे माझे मत आहे. समितीपुढे ही परंपरा आदराने मांडा.

तुमच्या निवडीत मला आणखी एक मोठी जमेची बाजू दिसते. रत्नागिरी आणि गोपालगंज येथे निवडणूक आयोग एक, लोकप्रतिनिधित्व कायदा एक, मतदान यंत्र एक, मतदार यादी तयार करण्याची रीत एक. भारत आणि मेक्सिको यांची तुलना केली, तर फरक स्थलांतरामुळे पडला की निवडणुकीच्या नियमांमुळे, हे वेगळे काढण्यातच तुमची तीन वर्षे जातील. येथे ती अडचण मुळातच नाही.

मात्र एका गोष्टीचा विचार आराखड्यात अवश्य करा. तुमचे दोन जिल्हे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. रत्नागिरीचा पुरुष मुंबईला जातो आणि गोपालगंजचाही बराचसा पुरुषवर्ग मुंबई-पुण्यात येतो. म्हणजे उगमाची गावे वेगळी असली, तरी पोहोचण्याचे ठिकाण काही अंशी एकच आहे. हे लपवू नका, उलट त्याचाच उपयोग करून घ्या : शहर तेच असूनही घराचे अंतर बदलले की काय बदलते, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

तासिका

दुसऱ्या सूचनेबद्दल व्यवहाराची बाजू मांडते. मी तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत प्रबंध पूर्ण केला. स्वतःचे सर्वेक्षण करायचे म्हणजे मुलाखतकारांचे मानधन, प्रवास, राहणे, प्रश्नावलीची छपाई किंवा टॅब, डेटा एन्ट्री आणि या सगळ्यांवर एक सुपरवायझर. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे मिळते, पण ते वेळेवर जमा होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. माझी अधिछात्रवृत्ती ऐन क्षेत्रकार्याच्या हंगामात अडकली आणि ज्या मुलींनी उन्हातान्हात फिरून प्रश्नावल्या भरल्या, त्यांचे पैसे देण्यासाठी मला वडिलांकडे हात पसरावा लागला. तुमच्या समितीतील दुसरे सदस्य कदाचित याच अनुभवातून बोलत असतील. त्यांना शत्रुपक्षात धरू नका.

हिमरेषा

मी स्वीडनमध्ये पोस्टडॉक करत आहे आणि माझे काम बहुतांशी तयार डेटावरच चालते, म्हणून त्या डेटाच्या मर्यादा सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

आमच्या क्षेत्रातील प्रत्येक नवीन संशोधकाने वाचावे असे एक उदाहरण आहे. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चीन आणि मेक्सिको येथील नागरिकांना विचारले होते, की सरकारच्या कामकाजावर तुमचे म्हणणे कितपत चालते. थेट उत्तरे पाहिली, तर चीनमधील लोकांना आपला प्रभाव मेक्सिकोतील लोकांपेक्षा जास्त वाटत होता. मेक्सिकोच्या मतदारांनी त्याआधी २००० मध्येच सात दशकांची एकपक्षीय सत्ता मतपेटीतून उलथवली होती हे लक्षात घेतले, तर हे उत्तर विचित्र ठरते. मग संशोधकांनी त्याच लोकांपुढे काही काल्पनिक व्यक्तींचे प्रसंग ठेवले. गावात पिण्याचे स्वच्छ पाणी नाही, एक जण एका उमेदवाराला मत देऊन प्रश्न सोडवू पाहतो, दुसरा नुसता सोसत राहतो. यांपैकी कोणाचे म्हणणे किती चालते? त्या उत्तरांशी जुळवून पाहिल्यावर क्रम उलटला. चीनमधील अनेक उत्तरदाते, ज्याला काहीच करता येत नाही अशा व्यक्तीपेक्षाही स्वतःला खाली ठेवत होते, पण ‘थोडेसे चालते’ हे शब्द वापरण्याची त्यांची पायरीच खालची होती.

तेव्हा वीस देशांचा डेटा एका फाइलीत मिळाला म्हणजे वीस देशांची तुलना झाली असे होत नाही. दुसऱ्या सदस्यांची सूचना तुम्ही नाकारणार असाल, तर मुख्य कारण हे द्या.

तरीही नदीकाठ यांच्या एका विधानाशी मी सहमत नाही. ज्ञानशाखेपुरता प्रश्न मिटला असेल, पण नोकरीच्या बाजारात मिटलेला नाही. युरोपातील निवड समित्या भारतावरील प्रबंध पाहिला, की त्याला प्रादेशिक अभ्यासाच्या खणात टाकतात आणि नॉर्वेच्या दोन नगरपालिकांवरील प्रबंधाला निःसंकोच सर्वसाधारण सिद्धान्ताचे काम मानतात. हा अन्याय आहे, तो बदलला पाहिजे, पण सागरवाट यांना तोवर नोकरी लागायची आहे. त्यामुळे परदेशाचे एक प्रकरण, निदान दुय्यम साधनांवर आधारलेले, प्रबंधात असू द्यावे.

नदीकाठ

हिमरेषा, आपले शेवटचे म्हणणे मान्य आहे, फक्त ते प्रकरण विषयाच्या ओघात आले पाहिजे. नोकरीसाठी जोडलेले प्रकरण परीक्षकाला पहिल्या पानावरच कळते.

गंगाकिनारा

माझे बालपण पाटण्यात गेले आणि माझा स्वतःचा प्रबंध बिहारच्या पंचायतींवर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सागरवाट यांनी बिहारच्या टक्केवारीवर इतका भर दिला आहे, की मला छेद आणि अंशाची मूलभूत गोष्ट आधी सांगावीशी वाटते. टक्केवारी काढताना खाली नोंदलेले मतदार असतात. जो पुरुष सुरत किंवा लुधियानाला आहे, त्याचे नाव गावच्या यादीत आहे आणि मतदानाच्या दिवशी तो गावात नाही. तो छेदात मोजला जातो, अंशात नाही. त्यामुळे पुरुषांची टक्केवारी आपोआप खाली जाते आणि स्त्रियांच्या वर्तनात काडीचाही बदल न होता त्या ‘पुढे’ गेल्यासारख्या दिसतात. २०१० मध्ये स्त्रियांचे मतदान सुमारे ५४.५ टक्के आणि पुरुषांचे सुमारे ५१ टक्के होते. यातील किती भाग स्त्रियांच्या उत्साहाचा आणि किती पुरुषांच्या गैरहजेरीचा, हे एका आकड्यातून कळत नाही.

तरीही सगळे श्रेय छेदाला देणे मला चुकीचे वाटते, आणि त्याचे कारण २०२० ची निवडणूक आहे. त्या वर्षी टाळेबंदीमुळे लक्षावधी बिहारी मजूर गावी परतले होते. सगळा फरक जर गैरहजेरीमुळेच असता, तर २०२० मध्ये तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात २०१५ मध्ये स्त्रिया सुमारे सात टक्क्यांनी पुढे होत्या आणि २०२० मध्ये सुमारे पाच टक्क्यांनी. फरक घटला, पण बुजला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बरेच मजूर पुन्हा कामावर गेले होते हे धरले, तरी काहीतरी शिल्लक राहतेच. त्या शिलकेत २००६ पासून पंचायतींमध्ये असलेले स्त्रियांचे ५० टक्के आरक्षण आहे, त्याच सुमारास सुरू झालेली शाळकरी मुलींची सायकल योजना आहे, जीविका या राज्याच्या ग्रामीण उपजीविका कार्यक्रमाचे बचत गट आहेत आणि २०१६ ची दारूबंदी आहे. यांतले कोणते किती, हा खरा संशोधनाचा विषय आहे.

२०२५ च्या आकड्यांबाबत मात्र फार सावध राहा. स्त्रिया ७१.६ आणि पुरुष ६२.८ टक्के, असे अंतर पुढे आले. पण त्याआधी मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले होते आणि १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली होती. छेदच बदलला, तर २०२० आणि २०२५ यांची थेट तुलना करता येत नाही. त्या वर्षासाठी टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष मतदान केलेल्या स्त्रियांची संख्या घ्या.

सागरवाट

गंगाकिनारा, मनापासून आभार. २०२० चा असा उपयोग करता येईल हे मला सुचले नव्हते. मग कोकणासाठी छेद कोणता धरावा? २०११ ची जनगणना आता फार जुनी झाली आहे आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

जुना मतदार

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना निवडणुकीचे काम दरवेळी वाट्याला आले, केंद्राध्यक्ष म्हणूनही आले. संशोधनाचे मला फारसे कळत नाही, पण आकडे कुठे तयार होतात ते माहीत आहे.

मतदान केंद्रावर पहिला मतदान अधिकारी यादीच्या चिन्हांकित प्रतीत नाव शोधून खूण करतो. स्त्री मतदाराच्या नोंदीवर वेगळी खूण असते, त्यामुळे दर दोन तासांनी स्त्री-पुरुष अशी वेगळी बेरीज वर कळवता येते. दिवसाअखेर केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत हे दोन्ही आकडे लिहिले जातात. मतमोजणीनंतर लोकांना मिळतो तो नमुना २०, त्यात केंद्रनिहाय आणि उमेदवारनिहाय मते असतात, पण स्त्री-पुरुष भेद नसतो. केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब असलेल्या नमुना १७-सी मध्येही तो नसतो. म्हणजे तुम्हाला केंद्राच्या पातळीवर स्त्रियांचे मतदान हवे असेल, तर दैनंदिनीशिवाय मार्ग नाही.

छेदासाठी दुसरी एक गोष्ट उपयोगी पडेल. प्रत्येक केंद्रावर गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी दिलेली असते. ती बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरोघर फिरून तयार करतात. चांगला बीएलओ असेल, तर ती यादी गावाच्या स्थलांतराचे नेमके चित्र दाखवते. वाईट असेल, तर मागच्या निवडणुकीची यादी पुन्हा पुढे येते.

अक्षांश१९

जुना मतदार यांची माहिती मोलाची आहे, पण एक कायदेशीर अडचण लक्षात घ्यावी. निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ अन्वये, ठरावीक सीलबंद पाकिटे सोडून ‘इतर सर्व कागदपत्रे’ लोकांना तपासता येत असत. २० डिसेंबर २०२४ रोजी त्यात दुरुस्ती झाली आणि आता केवळ ‘या नियमांत नमूद केलेली’ कागदपत्रेच तपासणीसाठी खुली आहेत. दैनंदिनी ही हक्काने मागता येईल, असे गृहीत धरून आराखडा करू नये. मिळाली तर उत्तम, पण प्रबंध तिच्यावर उभा करू नका.

मतदारसंघाच्या पातळीवर आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत स्त्री-पुरुष मतदान वेगळे दिलेले असते. रत्नागिरीत दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर असे पाच मतदारसंघ आहेत. सिंधुदुर्गातील कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी धरले, तर आठ होतात. गोपालगंजमध्ये सहा आहेत. पुनर्रचनेनंतरच्या हद्दी दोन्ही राज्यांत २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून स्थिर आहेत. म्हणजे दोन्हीकडे चार विधानसभा आणि चार लोकसभा निवडणुका सारख्या हद्दींवर मिळतात. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाला एवढी सामग्री भरपूर झाली.

कोकणकडा

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही याचे आश्चर्य वाटते. कोकणात पुरुष ‘गैरहजर’ आहे की नाही, हे महिन्यावर अवलंबून असते!

चाकरमानी शिमग्याला येतो, मे महिन्यात मुलांना घेऊन येतो आणि गणपतीला तर येतोच येतो. २०२४ ची लोकसभा निवडणूक रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी झाली. त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि आंब्याच्या कामाला घरी माणूस हवा असतो. विधानसभेचे मतदान मात्र २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी झाले आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी उरकल्यावर. गणपतीची रजा संपवून परतलेला माणूस पुन्हा येण्यासाठी तिसरी रजा कशी काढणार? पक्षांनी एसटी किंवा खासगी बस भरून आणले, तर तो येतो. तेव्हा एकाच गावात, एकाच यादीवर, लोकसभेला आणि विधानसभेला पुरुषांची उपस्थिती वेगळी असते. हे तपासल्याशिवाय कोकणातील स्त्रियांच्या टक्केवारीबद्दल काहीही बोलू नये.

गंगाकिनारा

कोकणकडा यांनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. बिहारमध्येही हेच, फक्त सण वेगळा. तेथे छठ हा घरी परतण्याचा सण आहे. २०१५ आणि २०२० मध्ये मतदान छठच्या आधी संपले होते. २०२५ मध्ये छठ ऑक्टोबरच्या शेवटी झाली आणि मतदान ६ व ११ नोव्हेंबरला, म्हणजे लगेच नंतर. सण आणि मतदान यांतील अंतर निवडणुकीगणिक बदलते आणि ते संशोधकाने ठरवलेले नसते. असा फरक आपल्याला आयता मिळतो आहे, तो सोडू नये.

नदीकाठ

मला वाटते, या धाग्यावर प्रबंधाचा मुख्य युक्तिवाद सापडला. रत्नागिरीच्या माणसाला घर एका रात्रीच्या प्रवासावर आहे, गोपालगंजच्या माणसाला ते दोन रात्रींवर आहे. एकाची गैरहजेरी हंगामी आणि तुटक आहे, दुसऱ्याची दीर्घ आणि सलग. स्त्रीच्या राजकीय वर्तनावर परिणाम कशाचा होतो : पुरुष दूर असण्याचा, की तो कधी परतेल हे ठाऊक नसण्याचा? हा प्रश्न कोणत्याही देशातील स्थलांतराला लागू पडतो. समितीतील ज्येष्ठ सदस्यांना ‘तुलनात्मक’ म्हणून जे हवे आहे, ते येथे आहे.

शेवंती

आपण सर्वजण पुरुषांच्या गैरहजेरीबद्दल इतके बोललो, की मागे राहिलेल्या बाईला विचारायचेच राहून गेले.

मी संगमेश्वर तालुक्यात एका सर्वेक्षणासाठी मुलाखती घेतल्या आहेत. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे काढायची आणि त्याच व्यक्तीला भेटायचे, ही लोकनीती या दिल्लीतील संशोधन कार्यक्रमाच्या राष्ट्रीय निवडणूक अभ्यासांतून रुळलेली पद्धत आम्ही वापरत होतो. पुरुषाचे नाव वाचले, की अंगणातूनच उत्तर येई, “तो विरारला असतो, गणपतीला येईल.” त्यामुळे आमच्या नमुन्यात जे पुरुष आले, ते गावातच राहिलेले, वयस्क किंवा दुकानदार-शिक्षक असे होते. अशा नमुन्यावरून स्त्री-पुरुष तुलना केली, तर ती स्त्रियांची आणि एका विशिष्ट थरातील पुरुषांची तुलना ठरते. ज्यांना स्वतःचे सर्वेक्षण करायचे आहे, त्यांनी मुंबईत जाऊन त्याच यादीतील पुरुषांना शोधण्याची तयारी ठेवावी.

दुसरे असे, की नवरा मुंबईला असला म्हणजे बाई स्वतंत्र झाली, असे घडताना मी क्वचितच पाहिले. घरात सासू असते, दीर असतो आणि आता हातात फोन असतो. एका ताईंची मुलाखत चालू असताना कोणाला मत द्यायचे या प्रश्नाला आलो आणि सासूबाई पदराला हात पुसत येऊन शेजारी बसल्या. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ताईंनी आधी त्यांच्याकडे पाहिले आणि मगच उत्तर दिले. अशा वेळी मतपत्रिकेचा नमुना देऊन ती पेटीत टाकायला सांगण्याची जी पद्धत लोकनीतीने वापरली आहे, ती नुसती तांत्रिक सोय राहत नाही. त्या बाईला स्वतःचे उत्तर देण्याची तेवढीच एक जागा असते.

हिमरेषा

शेवंती यांच्या मुद्द्याला जोडून पाकिस्तानातील दोन प्रयोग सांगतो, कारण परदेशाचे प्रकरण हवेच असेल, तर ते येथून यावे.

जिने आणि मन्सुरी यांनी २००८ च्या निवडणुकीपूर्वी सिंधच्या ग्रामीण भागात स्त्रियांना घरी जाऊन मतदानाची माहिती दिली. नंतर मत दिले की नाही, हे बोटावरील शाई पाहून पडताळले. स्त्रियांचे मतदान वाढले आणि ज्यांना माहिती दिली नव्हती अशा शेजारणींचेही वाढले. दहा वर्षांनी २०१८ मध्ये लाहोर शहरात चीमा, खान, लियाकत आणि मोहमंद यांनी घरांचे गट पाडले : काहींत केवळ स्त्रियांशी बोलले, काहींत केवळ पुरुषांशी, काहींत दोघांशी. केवळ स्त्रियांशी बोलून मतदान वाढले नाही. घरातील पुरुषांशी बोलणे झाले, तेथे वाढले. ग्रामीण सिंधमध्ये जे चालले, ते लाहोरमध्ये का चालले नाही, यावर एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो. सागरवाट यांच्या दृष्टीने प्रश्न असा, की घरातला पुरुष जर मुंबईला असेल, तर ‘पुरुषांशी बोलणे’ म्हणजे कोणाशी बोलणे? शेवंती यांनी वर्णन केलेल्या सासूबाई हे कदाचित त्याचे उत्तर आहे.

कायद्याची चौकटही पाहण्यासारखी आहे. पाकिस्तानच्या २०१७ च्या निवडणूक कायद्यानुसार एखाद्या मतदारसंघात झालेल्या एकूण मतदानात स्त्रियांचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तेथील निवडणूक रद्द करता येते. २०१८ मध्ये शांगला येथील प्रांतिक विधानसभेची निवडणूक याच तरतुदीखाली रद्द होऊन पुन्हा घेण्यात आली.

मांडवीतीर

गोव्यातही मतदार यादीत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत आणि मतदानाच्या टक्केवारीतही त्या पुढे असतात. आमचे पुरुष जहाजावर किंवा आखातात. व्यापारी जहाजावरील खलाशाला टपाली मतदानाची सोय नाही आणि २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयांना नाव नोंदवता येत असले, तरी मत देण्यासाठी प्रत्यक्ष यावे लागते. तुमच्या ‘अंतर’ या कल्पनेत गोवा हा तिसरा, सर्वांत लांबचा टप्पा होऊ शकतो. मात्र ४० मतदारसंघांत मिळून अकरा-बारा लाख मतदार असल्याने येथे उमेदवार प्रत्येक घर ओळखतो. त्याचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाईल.

अक्षांश१९

गोव्याचा मोह टाळावा. दोन जिल्हे नीट झाले, तर पुष्कळ झाले.

मला एका मूलभूत गोष्टीची चिंता वाटते. मतदान मोजता येते, म्हणून आपण सगळे मतदानच मोजत बसतो. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रिया पुरुषांच्या सुमारे सतरा टक्के मागे होत्या आणि २०१९ मध्ये त्या किंचित पुढे गेल्या, ही मोठी घटना आहेच. पण राज्यशास्त्रज्ञ सोलेडाड प्रिलमन यांच्या मध्य प्रदेशातील कामातून दिसते, की मतदान जवळपास समान झाल्यावरही ग्रामसभेला जाणे, अधिकाऱ्याकडे काम घेऊन जाणे, यांत स्त्रिया फार मागे राहतात आणि बचत गटात असलेल्या स्त्रिया तेथे अधिक पुढे येतात. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. पुरुष बाहेर असलेल्या गावांत त्या सभा खरोखर भरतात का, त्यांत कोण बोलते, रेशनकार्ड किंवा लाडकी बहीण योजनेचा अर्ज घेऊन तालुक्याला कोण जाते, हे पाहिल्याशिवाय ‘राजकीय वर्तन’ हा शब्द शीर्षकात घालू नये. नवऱ्याच्या गैरहजेरीचा परिणाम मला मतपेटीपेक्षा तहसील कचेरीच्या रांगेत आधी दिसेल असे वाटते.

तासिका

अक्षांश१९ यांच्याशी सहमत आहे, आणि खर्चाच्या दृष्टीनेही हे जमण्यासारखे आहे. दोन जिल्ह्यांतील मोजकी गावे, प्रत्येक गावात काही आठवडे राहून ग्रामसभा आणि बचत गटांच्या बैठका पाहणे, सोबत मतदारसंघनिहाय आकडेवारी. त्यासाठी मोठे सर्वेक्षण लागत नाही, मानधनाची उधारीही होत नाही.

सागरवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आराखड्यात मी पुढीलप्रमाणे बदल करत आहे. मुख्य प्रश्न आता गैरहजेरीच्या स्वरूपाचा असेल : हंगामी आणि अंदाज करता येणारी, की दीर्घ आणि अनिश्चित. आकडेवारीचा भाग दोन्ही जिल्ह्यांच्या मतदारसंघांवर २००९-१० पासून पुढे आणि त्यात मतदानाची तारीख व सण यांतील अंतर हा घटक. क्षेत्रकार्यात मतदानाबरोबर महिला ग्रामसभा आणि कचेरीतील कामे. पाकिस्तानातील प्रयोग सिद्धान्ताच्या प्रकरणात येतील, वेगळा परदेश घेणार नाही. तयार डेटाबद्दल हिमरेषा यांनी दिलेले चीन-मेक्सिकोचे उदाहरण समितीपुढे मांडेन.

एक अडचण उरते. मला हिंदी येते, भोजपुरी येत नाही. दुभाष्यामार्फत घेतलेल्या मुलाखतींवर कितपत विसंबावे?

गंगाकिनारा

गोपालगंजच्या तरुण मुलींशी हिंदीत बोलता येईल, पण चाळिशीच्या पुढच्या स्त्रिया हिंदीत जेवढ्यास तेवढे बोलतात आणि भोजपुरीत मन मोकळे करतात. दुभाषी घ्यायची तर ती त्याच गावची नसावी आणि वरच्या जातीतीलही नसावी, कारण कोण कोणाच्या दारात बसते यावर काय सांगितले जाईल हे ठरते. तुमच्या जवळच्या विद्यापीठात भोजपुरी बोलणाऱ्या विद्यार्थिनी नक्की असतील. जाण्याआधी काही महिने त्यांच्याबरोबर बोलण्याचा सराव करा, निदान ऐकून समजेल इतपत.

छठच्या आठवड्यात मुलाखती ठेवू नका, व्रत करणाऱ्या बाईला वेळ नसतो. त्यानंतर पुरुष परतीच्या तिकिटाची वाट पाहत काही दिवस घरीच असतात. नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्रपणे भेटायचे असेल, तर तीच वेळ साधा. प्रश्नावलीचा मसुदा तयार झाला, की येथे टाका, मी भोजपुरी वाचून कळवते.